‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ : वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन फाउल्सची ही कादंबरी कुणाला वाचायला दिली की थोड्या दिवसांनी प्रश्न येतात, आणि बहुतेक तेच ते. काही वैतागून विचारलेले असतात, काही भांडायच्या तयारीने. म्हणून एकदाच लिहून काढले. प्रश्न ७ पासून कथानक उघडं केलं आहे. कादंबरी अजून वाचायची असेल तर तिथे थांबा.

१. गोष्ट नेमकी कशाबद्दल आहे? शेवट न सांगता सांगा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लाइम रीजिस नावाचं छोटं बंदर आहे. १८६७ च्या मार्चमध्ये चार्ल्स स्मिथसन हा ३२ वर्षांचा सुखवस्तू गृहस्थ तिथे आलेला आहे. त्याचं लग्न अर्नेस्टिना फ्रीमनशी ठरलंय. ती लंडनच्या एका बड्या कापड व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. चार्ल्सला जीवाश्म गोळा करायचा छंद आहे, आणि सरदार काकांची इस्टेट आपल्याकडेच येणार अशी खात्री. दोघं ‘कॉब’ या जुन्या दगडी धक्क्यावर फिरायला जातात, तर अगदी टोकाला काळ्या कपड्यांतली एक बाई समुद्राकडे बघत उभी. ती सारा वुड्रफ. जहाज फुटून जखमी होऊन आलेल्या एका फ्रेंच लेफ्टनंटच्या नादी लागली आणि तो तिला टाकून गेला, अशी गावात बोलवा आहे. चार्ल्स तिच्यात गुंतत जातो.

एवढी गोष्ट खुद्द त्या काळातल्या कादंबरीतही खपली असती. वेगळा आहे तो सांगणारा. तो आपल्या विसाव्या शतकात बसून बोलतो आणि ते लपवत नाही. दुष्ट आणि धर्मभोळ्या मिसेस पोल्टनीबद्दल तो सांगतो, की या बाईंना गेस्टापोत नोकरी मिळाली असती. अर्नेस्टिनाची ओळख करून देतानाच सांगून टाकतो, की ती जन्मली १८४६ मध्ये आणि वारली हिटलर पोलंडमध्ये घुसला त्या दिवशी.

२. लेफ्टनंट कुठे आहे? मी अर्ध्यावर आलो, अजून पत्ता नाही.

येणारही नाही. त्याच्याबद्दल जे कळतं ते गावच्या कुजबुजीतून आणि साराच्या तोंडून. हे लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये कामाला येईल.

३. लिहिली १९६० च्या दशकात, मग कथा नेमकी १८६७ मधलीच का?

फाउल्सने लिहायला सुरुवात केली १९६७ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षं मागे जाऊन. पुस्तक आलं १९६९ मध्ये. ओसाड धक्क्याच्या टोकाला पाठमोरी उभी असलेली एक बाई डोळ्यांसमोर आली आणि हलेना, तिथून कादंबरी सुरू झाली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो तेव्हा लाइममध्येच राहत होता. पुढे १९७९ ते १९८८ तो तिथल्या संग्रहालयाचा क्युरेटरही होता. त्यामुळे गावाचा भूगोल चोख आहे.

सालही नीट निवडलेलं आहे. १८६७ मध्ये मार्क्सच्या ‘दास कापिटाल’चा पहिला खंड निघाला. त्याच वर्षी २० मे रोजी जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत बायकांना मताधिकार देणारी दुरुस्ती मांडली आणि ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. डार्विनचा ग्रंथ येऊन आठ वर्षं झाली होती. चार्ल्स स्वतःला डार्विनवादी समजतो, खिशात हातोडी घेऊन नामशेष जिवांचे अवशेष शोधतो, आणि आपला वर्गही त्याच वाटेने चाललाय हे त्याला दिसत नाही. फाउल्स हा विनोद शेवटपर्यंत पुरवून वापरतो.

लाइमची निवडही उगाच नाही. मेरी अ‍ॅनिंगने जीवाश्म शोधले ते याच किनाऱ्यावर. चार्ल्स आणि सारा चोरून भेटतात ते अंडरक्लिफ म्हणजे कडे घसरून बनलेलं रान. त्यातली सगळ्यात मोठी दरड १८३९ च्या नाताळच्या आदल्या रात्री कोसळली. पायाखालची जमीन शब्दशः सरकलेली आहे.

४. व्हिक्टोरियन इंग्लंडची काही माहिती नाही. अडेल का?

फारसं नाही. निवेदक लागेल ते सांगत जातो, कधी कधी जरा जास्तच. दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली, ‘जंटलमन’ने कमावणं कमीपणाचं होतं. म्हणून सासरा धंद्यात भागीदारी देऊ करतो तेव्हा चार्ल्सला ती चांगली बातमी वाटत नाही, कुणी मुस्काटात मारल्यासारखी वाटते. दुसरी, गव्हर्नेस. शिकलेली पण पैसा नसलेली मुलगी श्रीमंताघरी मुलांना शिकवायला राही. नोकरांत ती मिसळू शकत नसे आणि मालकांच्या पंगतीत तिला जागा नसे. सारा तशी आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मली, शिकली मात्र वरच्यांसारखी. दोन्हीकडून तुटली.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर टेनिसन, हार्डी, अर्नल्ड, क्लफ, मार्क्स वगैरेंची अवतरणं आहेत. पहिल्या वाचनात ती सोडून पुढे गेलात तरी चालेल.

५. पहिली शंभर पानं संथ आहेत. चिकाटी ठेवू का?

तेराव्या प्रकरणापर्यंत ठेवा. ते वाचून चिडलात तर ही कादंबरी तुमची आहे. कंटाळलात तर खुशाल बंद करा.

६. तेराव्या प्रकरणात लेखक मध्येच येऊन ‘हे सगळं काल्पनिक आहे’ म्हणतो. मग मी कशासाठी वाचू?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. बारावं प्रकरण संपतं ते सारा कोण, कुठल्या अंधारातून आली, या प्रश्नावर. तेरावं उघडतं ‘मला माहीत नाही’ या उत्तराने. मग निवेदक सांगतो की ही माणसं माझ्या डोक्याबाहेर कधी नव्हती, पण ती माझं ऐकतही नाहीत. चार्ल्सला मी सरळ गावात परत जा म्हटलं होतं, तो वाट वाकडी करून गवळीवाड्याकडे वळला.

बरेच वाचक इथे दुखावतात. दोनशे पानांत रंगायची तयारी करून बसलेल्याला कुणी मध्येच दिवे लावून ‘हे नाटक आहे बरं का’ म्हणावं, तसं होतं. हा राग रास्त आहे आणि फाउल्सला तो हवाच आहे. पण पुढचं पान उलटल्यावर काय होतं ते बघा. चार्ल्सचं पुढे काय झालं हे तुम्हाला तितकंच जाणून घ्यायचं असतं. खोटं आहे हे कळूनही ओढ जात नाही. निवेदकाने जाहीर केलेलं सगळं खरं धरू नका, एवढंच मी सुचवेन. पात्रं स्वतंत्र आहेत हेही तोच सांगतोय, आणि तो कादंबरीकार आहे.

७. शेवट दोन आहेत की तीन? आमच्यात यावरून वाद झाला.

मोजायचे कसे त्यावर आहे. पहिला येतो ४४ व्या प्रकरणात, पुस्तक बरंच शिल्लक असताना. चार्ल्स सारा राहते त्या एक्सिटरला न थांबता लाइमला परततो, अर्नेस्टिनाशी लग्न करतो, पोरंबाळं होतात, मिसेस पोल्टनी मरून थेट नरकात जाते. सगळं इतकं घाईत आटोपलेलं, की शंका यावी. ४५ व्या प्रकरणात कळतं की हे चार्ल्सने आगगाडीत बसून मनात रंगवलेलं होतं.

दुसरा ६० व्या प्रकरणात. वीसएक महिन्यांच्या शोधानंतर चार्ल्सला सारा लंडनमध्ये, चित्रकार रॉसेटीच्या घरात सापडते. बरीच बोलाचाली होते, मग त्यांची छोटी मुलगी, लॅलगी, पुढे येते आणि तिघं एकत्र येतात. तिसरा ६१ व्या प्रकरणात. घराबाहेर एक छानछोकी दाढीवाला उभा असतो, तो घड्याळाचा काटा पाव तास मागे फिरवतो आणि तोच प्रसंग पुन्हा घडतो. या वेळी चार्ल्स सारासमोरून निघून जातो आणि एकटा टेम्सच्या काठाने चालू लागतो.

म्हणजे स्वप्न धरलं तर तीन, नाहीतर दोन. तुमच्या वादात दोन्ही पक्ष जिंकले.

८. मग खरा शेवट कोणता?

निवेदक म्हणतो, दोन्ही सारखेच. ५५ व्या प्रकरणात तो दाढीवाल्याच्या रूपात चार्ल्सच्या डब्यात येऊन बसतो, झोपलेल्या चार्ल्सकडे टक लावून बघतो आणि याचं काय करावं असा विचार करतो. कुठला शेवट आधी छापायचा हे ठरवायला तो नाणं उडवतो. सोबत कबूलही करतो, की नंतर येणारा शेवट वाचकाला आपोआप खरा वाटणार, शेवटच्या प्रकरणाची हुकूमत तशीच असते.

वाचकांचे इथे दोन तट पडतात. प्रेमकथा म्हणून वाचलेले ६० व्या प्रकरणावर थांबतात आणि ६१ वं मानतच नाहीत. दुसऱ्यांना ६० वं गोड आणि बेतलेलं वाटतं, विशेषतः मुलीचं नेमक्या क्षणी पुढे येणं. मला ६१ वं पटतं, पण निवेदकाच्या कारणासाठी नाही. त्यात सारा कुणाच्याही कथेत बसायला नकार देते आणि चार्ल्सला पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

ए. एस. बायट या कादंबरीकर्तीची तक्रार याहून कडक आहे. तिचं म्हणणं, अनेक शेवट दिल्याने अनेक शक्यता उभ्या राहत नाहीत, उलट एकही खरा उरत नाही. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि ६० वं प्रकरण पुन्हा वाचताना तो दर वेळी टोचतो.

९. सारा खोटं का बोलली?

आधी काय खोटं ते पाहू. अंडरक्लिफमध्ये ती चार्ल्सला सांगते, की मी वेमथला त्या लेफ्टनंटच्या मागे गेले आणि स्वतःहून त्याच्या स्वाधीन झाले. पुढे एक्सिटरच्या हॉटेलात चार्ल्स आणि ती एकत्र येतात (निवेदक घड्याळ लावून सांगतो, ९० सेकंद), आणि चार्ल्सला कळतं की ती कुमारिका होती. मुरगळलेला पायही खोटा होता.

‘का’ला पुस्तकात सरळ उत्तर नाही, आणि वाचक तिला कारस्थानी, वेडी किंवा क्रांतिकारक ठरवून मोकळे होतात. माझ्या मते तिची एक कबुली पुरेशी आहे. पतित बाई झाल्यामुळे मी इतर बायकांसारखी उरले नाही, आणि त्यामुळेच मोकळी झाले, असं ती म्हणते. गावाने दिलेला कलंक तिने अंगरख्यासारखा स्वतःहून चढवला. खरा नव्हता म्हणून काय झालं, मोकळीक खरी होती.

१०. साराच्या मनात एकदाही जाऊ का देत नाहीत? याला स्त्रीवादी कादंबरी का म्हणतात?

समीक्षकांमध्ये यावर कडाक्याचं भांडण आहे. एक बाजू म्हणते, नायिका कुणाच्या मालकीची होत नाही, लग्न नाकारते, स्वतःच्या कमाईवर जगते, आणखी काय हवं? दुसरी विचारते, चार्ल्सच्या डोक्यातला कोपरान् कोपरा दाखवणारा निवेदक सारापाशी ‘मला माहीत नाही’ म्हणून हात का वर करतो? बाई म्हणजे गूढ, ही तर पुरुषांचीच जुनी आवड.

मी दुसऱ्या बाजूचा. पात्रांना स्वातंत्र्य देतो म्हणणारा निवेदक जिला सगळ्यात स्वतंत्र म्हणतो तिलाच आवाज देत नाही. पण ३६ वं प्रकरण वाचून माझं मत जरा सैल होतं. एक्सिटरच्या स्वस्त हॉटेलात सारा एकटी आहे. ती खरेदीची पुडकी सोडवते : ओढ्याकाठची झोपडी रंगवलेली किटली, एक चेहऱ्याचा मग, रात्रीचा झगा, हिरवी शाल, आणि बँडेजची गुंडाळी. शाल उलगडून ती गालाला लावते. झग्यावर शाल मांडून बघते. मनात काय आहे ते एका शब्दानेही येत नाही, तरी स्वतःच्या मर्जीने स्वतःसाठी वस्तू घेणारी बाई लख्ख दिसते. बँडेज मात्र कुठल्याच जखमेसाठी नाही, हे नंतर कळतं.

११. लाइमचा डॉक्टर ग्रोगन चार्ल्सला जो जुना खटला वाचायला देतो तो खरा घडला होता का?

होय. १८३४ मध्ये फ्रान्समधल्या सोम्यूर इथे एमील द ला राँसिएर या लष्करी लेफ्टनंटवर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलीवर हल्ला केल्याचा आरोप आला. पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पुरावे संशयास्पद होते आणि पुढे तो निर्दोष मानला गेला. ग्रोगन हे पुढे करतो ते चार्ल्सला सावध करायला : अशा ‘उन्मादी’ बाया पुरुषाला आयुष्यातून उठवतात.

वाचकांची गफलत इथे होते. खटला खरा आहे म्हणून निदानही खरं, असं ते धरतात. ग्रोगन भला माणूस आहे, पण न कळणाऱ्या बाईला रोगाचं नाव देऊन मोकळं होणं ही त्याच्या काळाची सवय त्यालाही आहे. ६१ व्या प्रकरणाला पसंती देणारा वाचकसुद्धा अधूनमधून ग्रोगन होतो.

१२. साखरपुडा मोडला, एवढंच. त्यासाठी चार्ल्सला अपमानास्पद कबुलीजबाब का लिहून द्यावा लागतो?

कारण तेव्हा इंग्लंडमध्ये लग्नाचं वचन मोडणं हा दाव्याचा विषय होता. मुलीकडचे नुकसानभरपाई मागू शकत. फ्रीमनचे वकील कोर्टाऐवजी चार्ल्सची सही घेतात, ‘मी सद्गृहस्थ म्हणवून घेण्यास अपात्र आहे’ अशा अर्थाच्या कागदावर. त्याच्या वर्गात हे दिवाळखोरीपेक्षा वाईट. गंमत म्हणजे हा कायदा इंग्लंडने रद्द केला १९७० मध्ये. पुस्तक छापलं तेव्हा तो जिवंत होता.

मराठी वाचक इथे रखमाबाईंच्या खटल्याची आठवण काढतात. बाब वेगळी आहे, तिथे दावा नवऱ्याने लावला होता आणि लग्न आधीच लागलेलं होतं. मूळ मात्र एकच, इंग्लिश कायदा. बायकोला नांदायला पाठवण्याचा दावा तिथूनच इकडे आला. असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ मध्ये काढून टाकली. मुंबईत १८८७ मध्ये रखमाबाईंसमोर तीच कैद ठेवली गेली.

१३. अर्नेस्टिनावर अन्याय नाही का झाला?

झाला. चार्ल्सकडून आणि लेखकाकडूनही. तिला लाडावलेली, उथळ, पुस्तकी नाजूक म्हणून रंगवलंय, पण लग्न मोडण्याच्या प्रसंगात सगळ्यात प्रामाणिक बोलते ती तीच : मला माझं अपुरेपण ठाऊक आहे, तुझ्या सोबतीने मी बदलेन असं वाटलं होतं. चार्ल्सकडे याला उत्तर नसतं. सारा गूढ म्हणून मोठी आणि अर्नेस्टिना सरळ म्हणून किरकोळ, ही वाटणी मला कधीच पटली नाही.

१४. सॅमने पत्र दिलं असतं तर? खरा खलनायक तोच ना?

चार्ल्सचा नोकर सॅम साराला लिहिलेलं पत्र आणि सोबतची भेट पोचवत नाही, हे खरं. त्यामुळे सारा वाट न बघता नाहीशी होते. पण सॅमला कपड्यांचं छोटं दुकान टाकायचंय, मेरी नावाच्या मोलकरणीशी लग्न करायचंय, आणि दोन्हीचं भांडवल मालकाच्या लग्नावर अवलंबून आहे. मालक त्याला विनोदी पात्र समजतो, त्याच्या उच्चारांवर हसतो. चार्ल्सच्या ‘स्वातंत्र्या’ची किंमत सॅमने मोजावी अशी अपेक्षा आपण का करतो, हा प्रश्न चांगला आहे. शेवटी साराचा पत्ता निनावी कळवतो तोही सॅमच. पत्र पोचलं असतं तरी साराने होकार दिलाच असता, असं मानायला पुस्तकात आधार नाही.

१५. व्हिक्टोरियन लोक खरंच इतके दांभिक होते का?

३५ व्या प्रकरणात निवेदक यावर लांबलचक बोलतो : बाईला पवित्र मानणाऱ्या काळात तेरा वर्षांची मुलगी काही पौंडांत विकत मिळे, वगैरे. पार्श्वभूमी खरी आहे. इंग्लंडमध्ये संमतीवय १८७५ पर्यंत १२ होतं, मग १३ झालं, आणि १८८५ मध्ये १६. पण निवेदकाचा आविर्भाव पाहा. आपण १९६० च्या दशकातले मोकळे, ते बिचारे कोंडलेले. आज वाचताना तो आत्मविश्वासही जुना वाटतो. त्यामुळे आताच्या वाचकाला दोन ऐतिहासिक काळ वाचावे लागतात, १८६७ आणि १९६९. तरुण वाचकांना दुसरा जास्त परका वाटतो, असा माझा अनुभव.

१६. सिनेमा पाहिला तर पुस्तक वाचायची गरज आहे का?

आहे. १९८१ चा कारेल राइसचा चित्रपट, पटकथा हॅरल्ड पिंटरची, मेरिल स्ट्रीप आणि जेरेमी आयर्न्स. निवेदकाला पडद्यावर कसा आणायचा, याला पिंटरने काढलेली तोड हुशारीची आहे : चित्रपटात याच कादंबरीवर चित्रपट बनतोय, आणि त्यातले नट-नटीही एकमेकांत गुंतलेत. जुन्या जोडीला सुखान्त मिळतो, आजच्या जोडीला नाही. दोन शेवटांचा प्रश्न असा सुटला, पण निवेदकाचा खवचटपणा, म्हणजे पुस्तकाची अर्धी मजा, सुटली ती सुटलीच.

१७. ६१ वं प्रकरण आधी आणि ६० वं नंतर वाचलं तर?

काहींनी करून पाहिलं आहे. तसं वाचल्यावर बहुतेकांना सुखान्तच खरा वाटला, म्हणजे प्रश्न ८ मधली हुकूमत काम करतेच. पण बारकाईने पाहिलं तर अदलाबदल चालत नाही. घड्याळ मागे फिरवणारा माणूस येतो तो ६१ च्या सुरुवातीला, आणि मागे फिरवायला आधी काहीतरी घडून गेलेलं लागतं. शिवाय ५५ व्या प्रकरणात नाणं हवेत जातं, डाव्या हातात झेललं जातं, पण छापा पडला की काटा हे निवेदक सांगत नाही. आधीच ठरवून बसलेल्या माणसालाही नाणं उडवता येतंच.